घंटा वाजली, तर उठणार कोण?

दिवाळीच्या साफसफाईत माळे निघतात, पितळेचे डबे घासले जातात, पंख्यांची पाती पुसली जातात. परंतु जिन्यातल्या आगसूचक घंटेच्या लाल डबीवरची धूळ मात्र पाडव्यापर्यंत तशीच असते. वाचकहो, सणासुदीला आगीचे नाव कशाला, म्हणून नाक मुरडू नका. दारात पणत्या असतात, गॅसवर चकल्यांची कढई असते आणि गच्चीवर चिरंजीव रॉकेट घेऊन उभे असतात. या विषयाला याहून चांगला मुहूर्त कोणता?

माझी थोरली बहीण बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीची. केदारेश्वराच्या कोरीव देवळामुळे जाणकारांना ठाऊक असलेले गाव. गेल्या वर्षी ती पुण्याला आमच्याकडे असताना रात्री अडीचला इमारतीतली घंटा ठणाणा वाजू लागली. आम्ही दोघे जिन्यात येऊन उभे राहिलो. दुसरे एकही दार उघडले नाही. "रोजचंच आहे, आजी," म्हणत रखवालदाराने घंटा बंद केली.

आक्का थक्क झाली. "अरे, आमच्याकडं कडब्याची गंज पेटली न् एकानं हाळी दिली, तर अर्धं गाव घागरी घेऊन धावतं. इथं एवढी घंटा बोंबलतेय आणि कुणी कूससुद्धा बदलत नाही?"

तिच्याकडे माणूसच घंटा असतो. आपण दारे लावून, पंखे सोडून झोपणार. शेजाऱ्याची हाळी आपल्यापर्यंत पोचायची कशी? म्हणून ते यंत्र. छतावरच्या धूरसूचकात एक अंधारी पोकळी असते. तिच्यात प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धूर शिरला की किरण विखुरतो, तो टिपला जातो आणि घंटा वाजते. बिचाऱ्या यंत्राला धूळ, उदबत्ती आणि फोडणी यांतला फरक मात्र कळत नाही! म्हणून ते वेळच्या वेळी साफ करायचे आणि स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र बसवायचे. घंटेचा गळाच दाबणे हा उपाय नव्हे.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली. धूर प्रथम ध्यानात आला तो कामावरच्या परिचारिकेच्या. सात बाळांना बाहेर काढता आले, दहा गेली. अशा वेळी दोन-चार मिनिटे आधी कळणे म्हणजे काय, ते मी निराळे सांगायला नको.

कायदा आहे का? आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम' २००६ चा. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि २०२३ साली त्यात दुरुस्तीही झाली. राष्ट्रीय इमारत संहिताही २०१६ मध्ये नव्याने निघाली. या कायद्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की कायद्याखाली येणाऱ्या इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी अग्निशमन दलावर टाकलेली नाही. ती मालकावर आणि राहणाऱ्यावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर जानेवारी व जुलैत तसे प्रमाणपत्र द्यायचे असते. आता कागदावर सही आणि यंत्रावर धूळ असे कुठे घडत असेल, तर ते सभेत विचारायचे कोणी? रंगाच्या छटेवरून दोन-दोन तास भांडणारी मंडळी घंटेचा विषय निघाला की घड्याळ पाहू लागतात.

आमच्या सभेत आक्काचे ते वाक्य मी जसेच्या तसे वाचून दाखवले. थोडे हशे झाले, वर्गणीवरून थोडी बाचाबाची झाली, आणि एका रविवारी सकाळी अकराला चाचणी ठरली. तीनपैकी दोन मजल्यांवर घंटा वाजली. तिसऱ्यावर तारच तुटलेली निघाली. ती त्याच आठवड्यात जोडून घेतली. त्या मजल्यावरचे आजोबा मात्र कानाचे यंत्र काढून झोपतात. त्यांचे दार कोणी ठोठवायचे, यावर अर्धा तास खल झाला. शेवटी समोरच्या बिऱ्हाडातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते काम मागून घेतले आणि आजोबांच्या दाराची दुसरी किल्ली आपल्या खुंटीला अडकवली.