‘प्रश्न उद्भवत नाही’



आमदाराने विधानसभेत विचारलेला लेखी प्रश्न आणि त्याला मंत्र्याने दिलेले लेखी उत्तर तुमच्यापैकी किती जणांनी हातात घेऊन वाचले आहे? देवळ्याच्या मागच्या बैठकीत मी हे विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. दोष तुमचा नाही. तो कागद तुमच्यापर्यंत येऊ नये अशीच सगळी व्यवस्था आहे. म्हणून आज त्या कागदाविषयीच लिहितो.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. (१) अमुक तालुक्यात बोंडअळीमुळे कपाशीचे नुकसान झाले, हे खरे आहे काय; (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय; (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

संपले! नुकसान नाकारणे फारच अवघड असले तर ‘हे अंशतः खरे आहे’. त्याहून अवघड असले तर ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’. बैठकीत हे वाचून दाखवले तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा बाबा म्हणाला, ‘‘भाऊ, कपाशी उद्भवली, अळी उद्भवली, सोसायटीचं कर्ज उद्भवलं. मग प्रश्नच तेवढा कसा काय उद्भवत नाही?’’

बाबाच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते उत्तर तयार करणाऱ्यांत एके काळी मीही होतो. शेतकीची पदवी घेतल्यावर काही वर्षे मी सरकारी नोकरी केली. कार्यालय कोणते, तालुका कोणता, ते सांगत नाही. अधिवेशन सुरू झाले की संध्याकाळी वरून फोन यायचा, ‘एलएक्यू आहे, सकाळी दहाच्या आत माहिती द्या.’ एलएक्यू म्हणजे विधानसभा प्रश्न. रातोरात शंभर गावांची माहिती आणायची कोणी? पंचनामे झालेले नसत. पंचनामा नाही म्हणजे नुकसान नाही, आणि नुकसान नाही म्हणजे रकान्यात एकच शब्द, ‘निरंक’. तालुक्याचे निरंक जिल्ह्याला, जिल्ह्याचे निरंक आयुक्तालयाला, तिथून मंत्रालयाला. शेवटी मंत्रिमहोदय सभागृहाच्या पटलावर ठेवतात, नुकसान झाले नाही.

हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला आहे. ज्या गावापुढे लिहिला त्या गावात आठवड्याने कामासाठी गेलो. ऐन काढणीच्या वेळी पाऊस लागून संकरित ज्वारीची कणसे उभ्या उभ्या काळी पडली होती. एका बाईने मूठभर काळे दाणे माझ्या तळहातावर ठेवले. बोलली काहीच नाही. नोकरी सोडायला मला त्यानंतरही काही वर्षे लागली, पण निरंक म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळले.

म्हणून ‘मंत्री खोटे बोलतात’ एवढे म्हणून मी थांबत नाही. मंत्री वाचून दाखवतात. खोटे त्याआधीच तयार झालेले असते, आणि ते खपून जाते ते आपल्या आमदाराने प्रश्न तसा विचारलेला असतो म्हणून. ‘हे खरे आहे काय’ असे विचारले की ‘नाही’ एवढ्या एका शब्दावर सुटका होते. किती, कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या निधीतून, असे विचारले तर ‘नाही’ म्हणता येत नाही. आकडा द्यावा लागतो. आकडा खोटा दिला तर तो पकडता येतो.

कापूसवाल्यांनी स्वतःचेच उदाहरण आठवावे. २०१७ च्या खरिपात शेंदरी बोंडअळी बोलगार्ड-२ ला दाद देईनाशी झाली आणि राज्यभर बोंडे पोखरली गेली. डिसेंबर २०१७ च्या नागपूर अधिवेशनात त्या वेळचे कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी मदत जाहीर केली. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५०० रुपये. बाके वाजली, वर्तमानपत्रांत मथळे झाले. पण त्या ३०,८०० च्या पोटात तीन वेगवेगळ्या थैल्या होत्या. आपत्ती निवारण निधीतून ६,८००, पीकविम्यातून ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या रकमेतला निम्म्याहून मोठा वाटा सरकारच्या खिशातला नव्हताच. तो कंपन्यांनी द्यायचा होता आणि कंपन्यांना तो मान्य नव्हता. विम्याचे ८,००० ज्याने विमा उतरवला आणि ज्याच्या मंडळाचे उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली घसरले त्यालाच मिळू शकत होते. उरले ६,८००. मालेगाव-नांदगावकडच्या कापूसवाल्यांना मी बैठकीत पासबुके आणायला सांगितली होती. सोळा हजारांची नोंद एकाच्याही पासबुकात नव्हती.

आता यावर ‘बोंडअळीग्रस्तांना मदत मिळाली नाही, हे खरे आहे काय’ असे विचारले तर उत्तर काय येईल? ‘हे खरे नाही, मदत वितरित करण्यात आली आहे.’ आणि उत्तर खोटेही ठरणार नाही, कारण ६,८०० ही मदतच आहे! प्रश्न असा हवा : जाहीर केलेल्या ३०,८०० रुपयांपैकी तिन्ही भाग वेगवेगळे दाखवून, तालुकानिहाय, किती शेतकऱ्यांना, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत जमा झाले? बियाणे कंपन्यांकडून वसुलीचे किती आदेश निघाले, किती रक्कम प्रत्यक्ष वसूल झाली आणि किती आदेशांना न्यायालयात आव्हान दिले गेले? या प्रश्नाला अंशतः खरे नाही आणि उद्भवत नाहीही नाही.

लेखी प्रश्नांनी काहीच होत नाही, रस्त्यावरच उतरले पाहिजे, असे आपले तरुण म्हणतात. रस्त्यावर उतरलेच पाहिजे. पण उतरताना हातात आकडा असावा, आणि सरकारच्या तोंडचा आकडा सरकारला नाकारता येत नाही. जून २०१९ मध्ये मदत व पुनर्वसन मंत्री सुभाष देशमुख यांनी विधानसभेत लेखी उत्तर दिले. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, त्यांपैकी मदतीसाठी पात्र ठरल्या ६,८८८. वजाबाकी करा. ५,१३३ घरे पात्र ठरलेली नव्हती. जुलै २०२५ मध्ये पुन्हा लेखी उत्तर आले. त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च या तीनच महिन्यांत ७६७ आत्महत्या, ३७३ पात्र, २०० अपात्र, १९४ चौकशीत. कोणी प्रश्न विचारला म्हणून हे आकडे सभागृहाच्या पटलावर आले.

पण पुढचा प्रश्न कुठे आहे? अपात्र म्हणजे काय? सातबारा बापाच्या नावावर होता म्हणून अपात्र? कर्ज बँकेचे नव्हते, बिनपरवाना सावकाराचे होते म्हणून अपात्र? शेत बटाईचे होते म्हणून? कोणत्या कारणाने किती, ही यादी मागितली पाहिजे. आणि मदत किती, तर २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने ठरलेले एक लाख, त्यांतले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. २०२५ मध्येही आकडा लाखाचाच. या मधल्या वर्षांत बियाणे, खत, डिझेल, मजुरी कुठे गेली हे तुम्हाला सांगायला नको. आमदार-मंत्र्यांचे पगार आणि भत्ते या काळात किती वेळा, किती वाढले, हा उपप्रश्न त्याच प्रश्नाला जोडला तर उत्तर वाचण्यासारखे होईल.

उत्तर नाकारण्याचा सगळ्यांत मोठा नमुना दिल्लीने दाखवला. कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात मरण पावलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत देणार काय, असे २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात लोकसभेत विचारले गेले. कृषी मंत्रालयाचे लेखी उत्तर : याबाबत मंत्रालयाकडे नोंद नाही, सबब मदतीचा प्रश्न उद्भवत नाही. तालुक्याचे निरंक आणि दिल्लीचे ‘नोंद नाही’ ही एकाच वाणाची दोन पिके आहेत.

भावाचेही तसेच. संसदेत हमीभावाविषयी प्रश्न आला की उत्तर ठरलेले, उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव दिला आहे. हिशेब बरोबर दिसतो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च धरला क्विंटलला ५,१४०, हमीभाव ७,७१०. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६, हमीभाव ३,६९९. दोन्हींत बरोबर दीडपट. पण हा खर्च कोणता? यात रोख खर्च आणि घरच्यांची मजुरी धरली आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज धरलेले नाही. कारखानदार आपल्या जागेचे भाडे आणि भांडवलाचे व्याज हिशेबात न धरता किंमत ठरवतो काय? म्हणून ‘दीडपट दिला काय’ असे विचारू नका. खंड आणि व्याज धरून खर्च किती येतो, त्याच्या दीडपट किती होतात आणि दोन्हींतला फरक क्विंटलमागे किती, असे विचारा. शिवाय या हमीभावाने आपल्या जिल्ह्यात कापूस आणि ज्वारी किती क्विंटल खरेदी झाली, खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडले, त्या तारखेपर्यंत किती माल व्यापाऱ्याला जाऊन चुकला होता, हेही विचारा.

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. कोरडवाहू कपाशीची वेचणी आणि विक्री नेमकी याच काळातली. त्या मुदतीत किती गाठी आल्या आणि बाजारात भाव किती उतरला, हे आपल्या खासदाराने विचारायला नको?

खासदाराला प्रश्न विचारायला वेळ नसतो असे मात्र नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारायला तयार झालेले अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि त्याच महिन्यात संसदेने त्यांना काढून टाकले. त्यांत आपल्या शेजारचे दोघे होते, एक जळगावचे आणि एक एरंडोलचे. कापसाच्या मुलखातून निवडून गेलेले! कापसाला भाव मिळत नव्हता, प्रश्नाला मिळत होता. एवढ्यावरून तरी प्रश्नाची किंमत आपल्याला कळायला हवी. ज्याला ती कळते तो पैसे मोजतो. आपण मत देऊनही तो मागत नाही.

आता कामाचे बोलू. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक प्रश्न लिहून आणायचा. त्याचे नियम चार.

पहिला, प्रश्नात ‘हे खरे आहे काय’ एकदाही येता कामा नये. दुसरा, प्रश्न एकाच गोष्टीचा असावा. दहा तक्रारी एकत्र कोंबल्या की मंत्री सोपी निवडून उत्तर देतो. तिसरा, गाव, गट नंबर, तारीख, रक्कम लिहा. चणकापूरच्या वाढीव कालव्याचे काय झाले, असे विचारू नका. रामेश्वरच्या पुढे झाडी-एरंडगावकडे या वर्षी किती दिवस आणि किती क्युसेकने पाणी सोडले, ते विचारा. चौथा, उत्तर आले की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचायचे आणि आपल्या पासबुकांशी, पंचनाम्यांशी, सातबाऱ्यांशी ताडून पाहायचे. चुकीचे निघाले तर लेखी तक्रार आमदाराच्या हाती द्यायची. सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाची सूचना देता येते. मंत्र्याने आश्वासन दिले असेल तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. या दोन्ही वाटा आहेत हे आपल्या आमदाराला ठाऊक असते. आपल्याला ठाऊक आहेत हे त्याला एकदा कळू द्या.

आमदार प्रश्न घ्यायला तयार नसेल तर? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या मूळ कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिले होते की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. तोच प्रश्न आपण स्वतः विचारू आणि उत्तराची प्रत आमदाराच्या दाराला चिकटवू.

ज्या टेबलावर मी निरंक लिहिले तिथे आज दुसरा कोणी बसला असेल. त्यालाही संध्याकाळी फोन येत असेल. तो माणूस वाईट नसतो, घाईत असतो आणि त्याला खात्री असते की हा कागद त्या गावात कोणी वाचणार नाही. ती खात्री मोडणे एवढेच आपले काम आहे. आपल्या गावापुढे निरंक लिहिण्याआधी त्याचा हात थांबला पाहिजे, कारण सोमवारी ग्रामसभेत ते मोठ्याने वाचले जाणार आहे आणि पहिल्या रांगेत काळी ज्वारी मुठीत घेऊन एक बाई बसलेली आहे.