नायकाचा खलनायक करताना

लहानपणीचा कार्टून-नायक खलनायक म्हणून रेखाटताना कसबी चित्रकार त्याची ओळख पुसत नाही. २००८ पासून ‘पोगो’वर दिसणारा छोटा भीम म्हणजे गोल चेहरा, टपोरे डोळे, केशरी धोतर आणि लाडू. गोलाईत निरागसपणा असतो. रेषा टोकदार झाली की धाक वाटतो. भुवया आत झुकवल्या, बुबुळे बारीक केली आणि उजेड हनुवटीखालून दिला, की हातातला तोच लाडू हिसकावून आणलेला वाटू लागतो. लाडूच काढला तर मात्र चित्र फसते, कारण मग भीमच उरत नाही.

अशी उलटापालट वऱ्हाडाला नवी नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर तालुक्यात सांगोळा गावी रावणाची काळ्या दगडातली मूर्ती भक्तिभावाने पुजली जाते. दहा तोंडे तीच, पाहणाऱ्याची नजर वेगळी. कार्टूनच्या बाबतीतही खरे कसब ही नजर बदलण्यातच लागते.

अशा चित्रांत हक्कांचाही प्रश्न येतो. ‘स्टीमबोट विली’ या कार्टूनपटातला मिकी माऊस अमेरिकेत २०२४ मध्ये कॉपीराइटमुक्त झाला. भीमवर निर्मात्यांचा हक्क आजही आहे. चित्रकला शिकणाऱ्या मुलांनी वहीत हवा तेवढा सराव करावा. छापायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी.