पाहुण्यांसाठीचे पदपथ

अमेरिकेहून परतलेले स्नेही तिथल्या रस्त्यांचे भरभरून वर्णन करतात; चालण्याविषयी मात्र क्वचितच बोलतात. न्यूयॉर्क, बॉस्टन अशी जुनी शहरे वगळली, तर डॅलस किंवा फीनिक्सच्या बहुतांश भागात दूध आणायलाही मोटार काढावी लागते. पायी चालणारा तिथे जवळजवळ संशयितच ठरला होता. लॉस एंजेलिसने १९२५ सालीच पादचाऱ्याने रस्ता कुठे ओलांडावा याचे नियम केले. भलत्या जागी रस्ता ओलांडला म्हणून सरसकट दंड करण्याची रीत कॅलिफोर्नियाने मोडली ती थेट २०२३ मध्ये.

त्यांचे दुखणे मुळात अंतराचे आहे. आपले तसे नाही. लातूरची गंजगोलाई पाहा. १९१७ साली फैयाजुद्दीन यांनी आखलेले ते वर्तुळ, मध्ये अंबाबाईचे मंदिर, आणि भोवती सोळा रस्ते. सराफा, कापड, भांडी, भाजी, सगळे हाकेच्या अंतरावर. जे उभारायला अमेरिकी नगररचनाकार आज धडपडतात, ते लातूरला आयते मिळाले. तरीही क्लासला निघालेली मुलगी गटार आणि ऑटो यांच्यामधल्या हातभर पट्टीतून अंग चोरून चालते.

नांदेडने एकदा निराळा प्रयत्न केला. २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त, जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीतून प्रमुख रस्ते नव्याने आखले गेले. रुंद पदपथ, सायकलींना वेगळी वाट, झाडे, ऑटोंना थांबे. सोहळा संपला, पाहुणे गेले, आणि पदपथांवर हळूहळू दुचाकी उभ्या राहू लागल्या. तिथल्या पेरूवाल्याला मी दोष देणार नाही. तो असतो म्हणून तिन्हीसांजेला त्या रस्त्याने एकटीने जाणे सुसह्य होते. दुकानासमोर दिवसभर उभ्या असलेल्या मोटारीचे समर्थन मात्र कसे करावे?

याविरुद्ध कोणी फारसे बोलले नाही, याचे मला अधिक नवल वाटते. पदपथ पाहुण्यांसाठी होते अशीच जणू सर्वांची समजूत. ज्यांना ते रोज लागतात, त्या धुणीभांडी करणाऱ्या बाया, विद्यार्थी, म्हातारी माणसे, त्यांना विचारतो कोण? आणि ज्यांचे म्हणणे ऐकले जाते ते आम्ही वाहनांवर. माझे महाविद्यालय घरापासून जेमतेम दीड किलोमीटर. मध्यंतरी आठवडाभर पायी गेलो, तर तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी काळजीने विचारले, "सर, गाडी विकली का?"