भूतकाळ आधी कानात घालावा

भाषाशिक्षण हा वैयाकरणांचा प्रांत; गाण्याच्या मास्तराने त्यात लुडबूड करू नये, असे कोणी म्हणेल. परंतु कान आणि जीभ यांच्यावर थोडा हक्क आमचाही आहे. माझे वडील दरबारी गवई. त्यांनी वही हाती देण्यापूर्वी सूर कानात घातला, आणि मीही मुलांना त्याच क्रमाने शिकवितो. स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजीचा साधा भूतकाळ शिकविताना मात्र बहुधा आधी तक्ता येतो व मग कान. हा क्रम मला उफराटा वाटतो.

स्पेन, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना अशा वीसएक देशांच्या या भाषेत भूतकाळ खणखणीत ऐकू येतो. 'कान्तो' हा शब्द पहिल्या स्वरावर जोर देऊन म्हटला तर 'मी गातो'; तोच जोर शेवटच्या स्वरावर दिला की 'तो गायला'. नुसते वजन सरकले आणि काळ पालटला! शिवाय आपल्या 'गात असे' या रूपासारखे 'कान्ताबा' हे रूप निराळेच आहे.

इंग्रजीत मी, तू, तो, ते या सर्वांना भूतकाळाचे बहुधा एकच रूप चालते. त्या मानाने काम सोपे. मग अडते कोठे? शब्दाच्या शेपटाशी! 'वर्क'चे 'वर्क्ट', 'प्ले'चे 'प्लेड', 'वाँट'चे 'वाँटिड'; लिहिताना शेवट एकच, उच्चार मात्र तीन. स्पॅनिश शब्द बहुधा स्वरावर किंवा एकट्या व्यंजनावर थांबतो. त्यामुळे शिकणारा 'वर्केड' असा जादा स्वर घालतो, नाहीतर शेवटचा 'ट' गिळून टाकतो.

हा 'ट' क्षुल्लक नव्हे. अमेरिकेत नोकरी मागायला गेलेला मनुष्य 'मी तेथे काम केले' असे सांगू जातो, आणि ऐकणाऱ्याला 'मी तेथे काम करतो' असे ऐकू येते. त्याच्या मनात काळ पक्का असतो. ठपका मात्र व्याकरणाच्या अज्ञानाचा बसतो.

उपाय साधा आहे. बोट घशावर ठेवावे. मूळ क्रियापदाच्या शेवटच्या वर्णाला घसा थरथरला नाही तर 'ट', थरथरला तर 'ड'. आणि मुळातच शेवटी 'ट' किंवा 'ड' असेल तर 'इड'. पुढला शब्द स्वराने सुरू होत असेल, तर व्यंजन त्याच्यावर टाकावे. 'वर्क्ट इन' जड जाते. 'वर्क-टिन' सहज निघते. तानेतला अवघड स्वर पुढच्या स्वराला जोडून घेतला की गळ्याला सोपा होतो, तसेच हे.

'गो'चे 'वेंट', 'सी'चे 'सॉ' ही रूपे पाठ करावीच लागतात. त्याला इलाज नाही. पण वहीवर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला एवढे विचारावे: याला काळ कळला नाही, की शेवटचा वर्ण याच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही? दोन्ही दुखणी निराळी, आणि औषधेही निराळी.