विमान कंपनीशी निष्ठा किती आणि कोणत्या भावाने?

ठाण्यातील घोडबंदर मार्ग, ऐरोली-महापे पट्ट्यातील संगणक कंपन्या आणि डोंबिवली, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील निर्यातदार कारखाने यांमुळे कामानिमित्त वारंवार परदेशी जाणाऱ्यांचा एक मोठा वर्ग या परिसरात तयार झाला आहे. वर्षातून चार-सहा वेळा अमेरिका, युरोप किंवा अतिपूर्वेकडे जाणाऱ्या या मंडळींपुढे नेहमीचा प्रश्न असतो तो कोणत्या विमान कंपनीने जायचे आणि कोणाच्या 'फ्रीक्वेंट फ्लायर' योजनेत मैल साठवायचे, हा. वरवर पाहता ही वैयक्तिक आवडीनिवडीची बाब वाटते. प्रत्यक्षात मात्र गेल्या पंधरा वर्षांत भारतीय विमान व्यवसायात ज्या उलथापालथी झाल्या, त्यांनी या निवडीला आर्थिक निर्णयाचे स्वरूप दिले आहे. निष्ठा दाखवणाऱ्या प्रवाशाच्या पदरात काय पडले, याचा ताळेबंद मांडण्याची वेळ आता आली आहे.

या ताळेबंदातील पहिली नोंद किंगफिशरची. मे २००५ मध्ये थाटामाटात सुरू झालेल्या या कंपनीने लंडनपर्यंत झेप घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती 'वनवर्ल्ड' या जागतिक आघाडीत सामील होणार होती. परंतु आर्थिक दुरवस्थेमुळे तो प्रवेश ऐनवेळी लांबणीवर पडला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीचा परवानाच निलंबित झाला. 'किंग क्लब' योजनेत वर्षानुवर्षे साठवलेले मैल कंपनीबरोबरच बुडाले. बँका, विमानतळ, कर्मचारी अशा धनकोंच्या रांगेत मैल साठवणाऱ्या प्रवाशाला जागाच नव्हती.

दुसरी नोंद जेट एअरवेजची. ठाणे-मुंबईच्या मध्यमवर्गाला ही कंपनी घरची वाटत असे. मे २००५ मध्ये मुंबई-लंडन, २००७ मध्ये ब्रसेल्समार्गे नेवार्क आणि पुढे ॲमस्टरडॅम असा तिचा विस्तार झाला. पहिल्या प्रकल्पासाठी अमेरिकेला निघालेल्या कित्येक संगणक अभियंत्यांचा पहिला परदेश प्रवास जेटनेच झाला. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले. तिच्या पुनरुज्जीवनाचा खटाटोप साडेपाच वर्षे चालला आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. येथे एक गोष्ट मात्र वेगळी घडली. 'जेटप्रिव्हिलेज' ही योजना स्वतंत्र कंपनीकडे होती व त्या कंपनीत अबुधाबीच्या इतिहादचा ५०.१ टक्के हिस्सा होता. त्यामुळे जेट बुडाली तरी मैल बुडाले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये योजनेचे नाव 'इंटरमाइल्स' झाले. अर्थात, ज्या विमानात बसण्यासाठी ते मैल साठवले होते ते विमानच राहिले नव्हते, हा भाग निराळा.

तिसरी नोंद विस्ताराची. टाटा समूह आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची ही संयुक्त कंपनी जानेवारी २०१५ मध्ये आकाशात आली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. 'क्लब विस्तारा'चे गुण एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब' या नव्या योजनेत एकास एक या प्रमाणात वर्ग झाले. प्रवाशाच्या दृष्टीने तिन्हींत हा शेवट सर्वांत सुखाचा. कारण विस्तारा कोणत्याही आघाडीत नव्हती, तर एअर इंडिया जुलै २०१४ पासून 'स्टार अलायन्स'ची सदस्य आहे. तरीही एका गुणाचे मोल तेच राहील, अशी हमी विलीनीकरणाने दिली नाही. ते मोल ठरवण्याचा अधिकार नव्या मालकाकडे गेला, एवढेच.

या तीन प्रसंगांतून दिसते ते असे की, मैल म्हणजे बँकेतील ठेव नव्हे. ते कंपनीने दिलेले आणि तिच्याच अटींवर बदलता येणारे एक आश्वासन आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'एअॲडव्हान्टेज' योजना सुरू केली, तेव्हा ती गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची एक युक्ती होती. पुढे बँका क्रेडिट कार्डधारकांना वाटण्यासाठी विमान कंपन्यांकडून घाऊक भावाने मैल विकत घेऊ लागल्या आणि ही युक्ती स्वतंत्र व्यवसाय बनली. करोनाच्या काळात विमाने जमिनीवर असताना, जून २०२० मध्ये, अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने आपली 'माइलेजप्लस' योजना तारण ठेवून पाच अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उभारले. त्या वेळी योजनेचे मूल्यांकन सुमारे २२ अब्ज डॉलर करण्यात आले होते. जी योजना कंपनीच्या मिळकतीचा एवढा मोठा आधार आहे, ती प्रवाशाच्या प्रेमापोटी चालवली जात नाही, हे उघड आहे.

त्यात नियमही बदलले. पूर्वी मैल हे नावाप्रमाणे अंतरावर मिळत. २०१५ मध्ये डेल्टा व युनायटेड आणि २०१६ मध्ये अमेरिकन या कंपन्यांनी अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर मैल देण्यास सुरुवात केली. एअर इंडियाने २०२४ मध्ये हीच वाट धरली, तर ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून दर्जाचे गुणही खर्चाशी जोडले. याचा फटका नेमका कोणाला बसतो? समजा, मुंबई-फ्रँकफर्टच्या परतीच्या प्रवासासाठी एका प्रवाशाच्या कंपनीने दोन महिने आधी ५० हजार रुपयांत तिकीट काढले आणि शेजारच्या आसनावरील प्रवाशाने ऐनवेळी एक लाख मोजले. अंतराच्या हिशेबात, सवलतीच्या भाड्याला होणारी कपात धरूनही, दोघांमध्ये फार मोठी तफावत राहत नसे. नव्या हिशेबात दुसऱ्याला सरळ दुप्पट गुण मिळतात. साहजिकच, ट्रॅव्हल डेस्कने शोधलेल्या स्वस्तात स्वस्त तिकिटावर इकॉनॉमीत बसून जाणारा ठाणे-डोंबिवलीचा अभियंता या योजनांच्या लेखी दुय्यम गिऱ्हाईक ठरला आहे.

मग निष्ठा ठेवूच नये काय? तसेही नाही. मात्र दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. पहिली गोष्ट गुण, दुसरी दर्जा. गुणांवर फुकट तिकीट मिळते असे म्हणतात. परंतु कर व अनेकदा इंधन अधिभार रोखीने भरावा लागतो आणि हव्या त्या तारखेला, विशेषतः मे महिन्यात वा दिवाळीत, जागा मिळतेच असे नाही. दर्जाचे तसे नाही. स्टार अलायन्सचा गोल्ड दर्जा असलेल्या प्रवाशाला इकॉनॉमीचे तिकीट असतानाही लाउंज, चेक-इनची वेगळी रांग आणि २० किलो वा एक नग जादा सामान अशा सवलती आघाडीतील बहुतेक कंपन्यांवर मिळतात. वारंवार प्रवास करणाऱ्याला रोज उपयोगी पडतो तो दर्जाच.

दुसरे असे की, विमान कंपनी आणि योजना या दोन निवडी वेगवेगळ्या आहेत. लुफ्थान्साच्या विमानाने केलेल्या प्रवासाचे गुण एअर इंडियाच्या किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत जमा करता येतात, कारण तिन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये आहेत. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये, तर एअर फ्रान्स व केएलएम 'स्कायटीम'मध्ये आहेत. एमिरेट्स आणि इतिहाद कोणत्याच आघाडीत नाहीत. त्यांचे गुण मुख्यतः त्यांच्या व मोजक्या भागीदार कंपन्यांच्या विमानांपुरते उपयोगाचे. तेव्हा एका कंपनीशी नव्हे, तर एका आघाडीशी निष्ठा ठेवणे अधिक शहाणपणाचे. भागीदार कंपनीकडून किती गुण मिळणार, हे तिकिटावर एका अक्षराने दर्शवलेल्या 'बुकिंग क्लास'वर ठरते. सर्वांत स्वस्त वर्गाला काही ठिकाणी एकही गुण मिळत नाही. ते अक्षर पाहण्याची सवय आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही.

कंपनी निवडताना मात्र योजनेपेक्षा मार्ग महत्त्वाचा. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले हवाई क्षेत्र बंद केले. परिणामी एअर इंडियाच्या युरोप-अमेरिकेच्या काही उड्डाणांना वळसा पडला, काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली आणि सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित झाली. त्याआधी १२ जूनच्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर एअर इंडियाने मोठ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांत तात्पुरती १५ टक्के कपात केली होती. युरोपीय कंपन्यांवर पाकिस्तानची ही बंदी नव्हती. दुसरीकडे, आखातमार्गे जाणेही निर्धोक नाही. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा कतारचे आकाश काही तासांसाठी बंद झाले आणि दोह्यामार्गे जाणारे प्रवासी ठिकठिकाणी अडकले. देशातही डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ज्यांनी दिल्ली वा बंगळुरूहून सुटणाऱ्या परदेशी विमानासाठी मुंबईहून इंडिगोचे वेगळे तिकीट काढले होते, त्यांना पुढचे तिकीट गमावण्याचा धोका पत्करावा लागला.

अशा वेळी दोन गोष्टी कामाला येतात. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. दोन वेगळी तिकिटे असतील तर ती प्रवाशावर येते. आणि दर्जा असेल तर पर्यायी विमानातील आसनांसाठी आपला क्रमांक सहसा वर लागतो. दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी तुकड्यातुकड्यांत तिकिटे काढणाऱ्या कंपन्यांनी हा धोका हिशेबात धरायला हवा.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या प्रवाशासाठी आणखी एक खर्च असतो, जो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तीन तास आधी पोहोचायचे म्हणजे डोंबिवलीकराने संध्याकाळच्या ऐन गर्दीत शिळफाटा, पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता पार करायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मेट्रो ३'चा आरे-बीकेसी टप्पा सुरू झाल्यापासून जलद लोकलने घाटकोपर, तेथून 'मेट्रो १'ने मरोळ नाका आणि पुढे मेट्रोनेच टर्मिनल २ असा मार्ग उपलब्ध झाला आहे. एका बॅगेच्या प्रवासाला तो उत्तम. दोन मोठ्या बॅगा घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणे मात्र अवघड. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. कल्याण-डोंबिवलीहून पनवेलची दिशा सहारच्या तुलनेत सोयीची असल्याने, तेथून दिल्ली वा बंगळुरूमार्गे परदेशी जाण्याचा मोह होईल. तो स्वीकारताना दोन दक्षता आवश्यक आहेत. तिकीट एकच असावे, आणि परतीचे विमान सहारला उतरणार की उलव्याला, हे आधी पाहावे. गाडी एका विमानतळावर आणि प्रवासी दुसऱ्यावर, ही वेळ येऊ नये.

शेवटी मुद्दा येतो तो पैसे कोणाचे आणि लाभ कोणाचा, याचा. तिकिटाचे पैसे कंपनी मोजते, गुण मात्र कर्मचाऱ्याच्या नावे जमा होतात. त्यामुळे काही कर्मचारी गुणांसाठी महागडे तिकीट मागतात, तर काही कंपन्या स्वस्ताच्या हट्टापायी कर्मचाऱ्याला दोन थांब्यांचा, रात्रीची झोप मोडणारा प्रवास लादतात. दोन्ही गोष्टी गैर आहेत. ठरावीक मर्यादेपर्यंत जादा भाडे मान्य करून कर्मचाऱ्याला एका आघाडीची निवड करू देणे, हा मधला मार्ग आहे. सकाळी फ्रँकफर्टला उतरून दुपारी बैठकीला बसणाऱ्या माणसाची झोप हाही कंपनीचाच खर्च असतो.

प्रवाशापुरते बोलायचे तर क्रम स्पष्ट आहे: आधी मार्ग आणि वेळ, मग आघाडी, मग योजना आणि सर्वांत शेवटी गुण. गुण मिळाले की ते वापरावेत. निवृत्तीनंतरच्या जगप्रवासासाठी साठवू नयेत. परंतु सारा भार प्रवाशाच्या सावधगिरीवर टाकून भागणार नाही. विमान रद्द झाल्यास वा प्रवेश नाकारल्यास काय द्यायचे, याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केले आहेत. साठवलेल्या गुणांना असे संरक्षण नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांबाबत, गुणांचे मोल कसे बदलले जाते यासह, खुलासा मागवला होता. आपल्याकडेही किमान तीन गोष्टींचा आग्रह धरता येईल. मोल घटवण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना द्यावी, विलीनीकरणात गुणांबरोबर त्यांच्या मोलाचेही काही काळ रक्षण व्हावे आणि योजनेचा कारभार विमान कंपनीच्या कर्जापासून वेगळा ठेवावा. जेटच्या बाबतीत हे वेगळेपण व्यवहाराच्या ओघात घडले आणि लाखो प्रवाशांचे मैल वाचले. ते नियमाने घडावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.