बिंदू रेषेवर बसवू नका

दहावीच्या गणिताच्या पेपरात 'आलेखाने सोडवा' हा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच. आपल्या मराठी शाळांतील मुले तो घोटून तयार करतात आणि गुणही मिळवतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ही रेषा काय सांगते, असे आपल्या पाल्याला एकदा विचारून पाहा.

विज्ञानाच्या पुस्तकात ओहमच्या नियमाचा प्रयोग आहे. अर्धा मीटर नायक्रोमची तार, दीड व्होल्टचे चार सेल, एक ॲमीटर, एक व्होल्टमीटर. एकेक सेल वाढवत वाचन घ्यायचे व बिंदू मांडायचे. सेल जुना असेल तर व्होल्ट कमी भरतात, काटा तिरका पाहिला तर वाचन चुकते. एखादा बिंदू बाहेर जातोच. मग मुलगा खोडरबर काढतो, बिंदू सरकवतो आणि वही 'बरोबर' होते!

आमची हयात बँकेच्या आकड्यांत चालली आहे. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर फरक शोधायचा, आकडा बदलायचा नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवले जाते. खोडून जुळवलेल्या हिशेबाला आमच्याकडे वेगळेच नाव आहे. मग शाळेत त्याला शाबासकी का? बिंदू आहे तिथेच राहू द्यावा, रेषा सर्वांच्या मधून न्यावी आणि फार दूर गेलेल्या बिंदूचे वाचन पुन्हा घ्यावे. व्होल्ट उभ्या अक्षावर घेतले तर रेषेचा चढ म्हणजे तारेचा रोध. अक्ष बदलले की तोच चढ रोधाचा व्यस्त होतो. हे ज्याला कळले त्याला पुढे पीयूसीला इंग्रजी माध्यमात गेल्यावर धडकी भरणार नाही. शेजारच्या कन्नड शाळेत आलेखाला 'नक्षे' म्हणतात. नाव काहीही असो, तार तीच!

प्रयोगशाळा नाही, ही सबब दूधगंगेकाठच्या गावांनी तरी सांगू नये. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वर्तमानपत्रांत येते. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. समजा पाणी सकाळी सहाला ३६ फूट, नऊला ३७, बाराला ३८ आहे. रेषा सरळ पुढे वाढवली तर दुपारी तीनला इशारा पातळी येते. पण तीनला प्रत्यक्षात साडेअडतीसच भरले, तर? नदी अजून चढतेच आहे, पण चढ निम्म्यावर आला. नुसता आकडा पाहणारा घाबरतो, आलेख पाहणाऱ्याला वेग दिसतो. मात्र रेषा पुढे वाढवणे हा अंदाज असतो. वर धरणातून पाणी सोडले की तो कोसळतो.

या सीमाभागात तर हे फारच गरजेचे आहे. २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टीवरून किती भाषणे झाली! धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्यास कृष्णा पाणी लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली होती. वडनेरे समितीने २०२० मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अनेकांना ते पटले नाही. दोन्ही बाजूंचे पुढारी आपल्याला सोयीचा एकेक आकडा फेकतात. अलमट्टीची पातळी, सांगलीची पातळी, पाऊस आणि वरच्या धरणांचा विसर्ग एकाच कालअक्षावर मांडून आधी काय चढले, नंतर काय, हे आपल्या मुलांनी स्वतः पाहावे. दोन रेषा बरोबर चढल्या म्हणजे एकीने दुसरीला चढवले असे होत नाही, हेही त्यांना तिथेच कळेल. आमचा कल कुणीकडे आहे हे वाचक जाणतात. मुलांचे उत्तर आमच्याविरुद्ध गेले तरी चालेल.

शिक्षकांना विनंती, येत्या पावसाळ्यात नववी-दहावीच्या मुलांकडून असे आलेख काढून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. रेषेबाहेरच्या बिंदूंसह छापू.