अंगणातील कंद आणि थोडी दक्षता

पहिला पाऊस झाला की आमच्या आंबवडे परिसरातील आजी-आजोबा अंगणातील मातीत रमतात. झेंडूचे बी पेरावे, निशिगंधाचे कंद दोन इंच खोल, निचऱ्याच्या जागी लावावेत. या हलक्या श्रमाने बोटांचे सांधे मोकळे राहतात, मनही प्रसन्न होते.

मात्र एका कंदाविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे. गौरी-गणपतीच्या सुमारास फुलणारी कळलावी अनेक जण रानातून आणून दारी लावतात. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून तिला हे नाव पडले. परंतु तिच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. रताळे समजून तो खाल्ल्यास काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढे मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा निकामी होऊन प्राणावर बेतते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. उरलेला कंद सोबत घ्यावा.

घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण किंवा लहान मुले असल्यास कळलावी लावूच नये. इतर फुलांचे कंदही कांदे-बटाट्यांजवळ न ठेवता, नावाची चिठ्ठी लावून वेगळे ठेवावेत. मग अंगण निर्धास्तपणे फुलू द्यावे.